मोबाइलवर पहिली अहिराणी शॉर्टफिल्म: कथेपासून अपलोडपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्यात जा, शॉर्टफिल्म काढणारी दोन-चार पोरं भेटतातच. हातात चांगला फोन असतो, गावाची साथ असते, गोष्टही बरी असते. तरी फिल्म दीड-दोन मिनिटांत बंद करावीशी वाटते. बहुतेक वेळा दोष चित्राचा नसतो. संवाद ऐकू येत नाहीत, आणि दुपारी बाराला शूट केल्यामुळे माणसांचे डोळे दिसत नाहीत. म्हणून या लेखात आवाज आणि उजेड यांना जास्त जागा दिली आहे. ड्रोन, स्लो मोशन वगैरे प्रकरणं थोडक्यात उरकली आहेत.

सोयीसाठी एकच उदाहरण धरून चालू. नाना कापूस विकून आलेत. पैसे त्यांनी गुपचूप पिठाच्या डब्यात ठेवलेत. मुलगा पुण्याहून आलाय आणि ओट्यावर बसून पैशांचाच विषय काढतोय. आत माय भाकरीसाठी पीठ काढायला उठते. सात-आठ मिनिटांच्या फिल्मला एवढी गोष्ट पुरते.

आधी सामान जमवा

- फोन, शक्यतो मागचा मुख्य कॅमेरा चांगला असलेला, आणि आवाज रेकॉर्ड करायला दुसरा फोन
- ट्रायपॉड आणि फोन पकडणारा क्लॅम्प
- कॉलर माइक (वायरचा चालेल), फोमची टोपी, मेडिकल टेप
- कान पूर्ण झाकणारा हेडफोन
- फोनला बसणारा एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा उजेड कमी करणारी काळसर काच)
- दोन पांढऱ्या चादरी, एक काळं कापड, पांढरा सनबोर्ड किंवा जुना फ्लेक्स
- पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड, कपडे वाळत घालायचे चिमटे, दोरी, दोन विटा
- दोन जागी कॉपी करता येईल एवढी मोकळी जागा: एक लॅपटॉप आणि एक बाहेरची डिस्क
- पाटी, खडू, वही

गिंबल (हात हलला तरी फोन स्थिर धरणारा दांडा) यादीत नाही, आणि पहिल्या फिल्मला तो लागत नाही. मालेगाव आपल्या शेजारीच आहे. तिथे ‘मालेगाव के शोले’ काढणाऱ्या नासिर शेख यांच्या टीमने सायकलवरून ट्रॉली शॉट आणि बैलगाडीच्या जोरावर क्रेन शॉट घेतले. कॅमेरा हलवायचाच असेल तर त्याला कारण हवं, साधन नंतर सापडतं.

१. कथा लहान ठेवा आणि प्रेक्षकाला आधी सांगा

एक घर, तीन माणसं, एक दिवस. जागा वाढली की सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो. पात्रं वाढली की कोणीतरी लग्नाला जातं आणि शूट अडतं.

नवखे लेखक शेवटी धक्का द्यायला बघतात: डबा उघडला, पैसे दिसले, संपलं. रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी सांगितलेला फरक इथे कामाला येतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर धक्का क्षणभराचा. आधीच ठाऊक असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा जीव टांगणीला लावतात. आपल्या गोष्टीत नाना पैसे डब्यात ठेवताना पहिल्याच मिनिटात दाखवा. मग ओट्यावर मुलगा शिक्षणाच्या, कर्जाच्या गोष्टी करतोय आणि आतून डब्याचं झाकण वाजतंय, एवढ्यावर पाच मिनिटं निघतात.

हीच गोष्ट विनोदी करायची असेल तर कापाकापी कमी करा. विनोदात हालचाल आणि तिच्यावरची प्रतिक्रिया एकाच चौकटीत दिसली पाहिजे. माय डबा घेऊन निघाली आणि मागे नाना ओट्यावरून अर्धे उठले, हे एका रुंद शॉटमध्ये हसू आणतं. दोन क्लोजअपमध्ये तोडलं की मेलं.

लांबीचा अंदाज पानांवरून बांधू नका. हाताने लिहिलेल्या मराठी पानाचा हिशेब चुकतो. संवाद मोठ्याने वाचा, मधल्या हालचालींना थांबा, घड्याळ लावा.

२. बोली एक ठरवा

खान्देशात सगळीकडे एकच बोली चालत नाही. धुळे, साक्री, अमळनेरकडची अहिराणी, भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली लेवा बोली आणि नंदुरबारच्या डोंगरातल्या भिली, पावरी यांची मोड वेगवेगळी. बाप साक्रीचा, मुलगा सावद्याचा आणि माय पुणेरी बोलते, असं कुटुंब इथला प्रेक्षक तीस सेकंदांत ओळखतो आणि कॉमेंटमध्ये लिहितोही.

एका गावाची बोली धरा. संवाद प्रमाण मराठीत लिहून मग अहिराणीत ‘फिरवू’ नका, वाक्याची ठेवण मराठीचीच राहते. प्रसंग सांगा आणि त्या गावच्या एखाद्या बाईला किंवा म्हाताऱ्याला तो बोलून दाखवायला लावा, रेकॉर्ड करा, त्यावरून लिहा. पुण्याहून आलेला मुलगा अर्धं मराठी बोलला तर उलट बरंच. नाना ‘काय करी ऱ्हायना?’ विचारतात आणि तो ‘काही नाही, मेल बघतोय’ म्हणतो, तेवढ्यात दोघांमधलं अंतर कळतं.

३. शॉटची यादी करा, आणि रेघ ओलांडू नका

ओट्यावरच्या प्रसंगासाठी किमान एवढं लागतं:

- मास्टर: नाना आणि मुलगा दोघं दिसतात, पूर्ण प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॅमेरा स्थिर
- नानांचा मिडशॉट, पूर्ण प्रसंग
- मुलाचा मिडशॉट, पूर्ण प्रसंग
- नानांच्या चेहऱ्याचा क्लोजअप, फक्त डब्याचा आवाज येतो तिथपासून
- इन्सर्ट: बशीतला चहा, नानांची बोटं, दाराची चौकट, डब्याचं झाकण

मास्टर आधी घ्या. त्याचं एक कारण उजेडाचं आहे: ऊन सरकतं तेव्हा रुंद चौकटीतली सावली आवरता येत नाही, पण क्लोजअपला चादर धरून तोच उजेड परत तयार करता येतो. मग एका बाजूचे सगळे शॉट संपवा आणि त्यानंतरच कॅमेरा फिरवा. दर वाक्याला कॅमेरा इकडून तिकडे नेणाऱ्यांचा दिवस एका प्रसंगात जातो.

नाना आणि मुलगा यांच्या नाकांना जोडणारी एक रेघ मनात ओढा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. गल्लीच्या बाजूने मास्टर घेतला, त्यात नाना उजवीकडे बघतात. मग मुलाचा क्लोजअप दाराच्या बाजूने घेतला, तर तोही उजवीकडे बघताना दिसेल. जोडल्यावर दोघं एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कोणाशी बोलताहेत असं वाटतं. ओट्यावर हा घोटाळा हमखास होतो, कारण गल्लीत गर्दी झाली की कॅमेरावाला सोयीने आत सरकतो. खडूने ओट्यावरच रेघ मारून ठेवा.

दोन सलग शॉट एकाच माणसाचे असतील तर कोन निदान ३० अंशांनी बदला किंवा शॉटचा आकार ठळकपणे बदला. नाहीतर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं.

उंचीकडेही बघा. आपल्याकडे निम्मे प्रसंग जमिनीवर बसून घडतात आणि नवखा कॅमेरामन ते उभ्याने शूट करतो. बसलेली माणसं दबलेली, केविलवाणी दिसतात. जपानी दिग्दर्शक ओझू कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली ठेवत. चुलीपुढे बसलेल्या मायचा शॉट तसाच हवा. ट्रायपॉड तेवढा खाली जात नसेल तर दोन विटा, त्यावर गव्हाची अर्धी भरलेली पिशवी, आणि पिशवीत खळगा करून फोन.

अनुभव नसलेल्या टीमने दिवसाला अडीच-तीन मिनिटांच्या पटकथेपेक्षा जास्त धरू नये. म्हणजे आठ मिनिटांच्या फिल्मला तीन दिवस.

४. कागदपत्रं

खाजगी घरात शूट असेल तर थोडंच लागतं, पण लेखी लागतं:

- प्रत्येक कलाकाराचं संमतिपत्र (चित्र, आवाज, कुठे दाखवणार, मानधन किती किंवा नाही)
- घरमालकाचं पत्र
- रस्त्यावर, पारावर किंवा चौकात शूट असेल तर ग्रामपंचायतीला पत्र आणि पोलीस ठाण्यात पूर्वसूचना, दोन्हीची पोच घेतलेली प्रत
- लेखक दुसरा असेल तर त्याची लेखी परवानगी

फिल्म महोत्सवात निवडली गेल्यावर संमतिपत्रं मागितली जातात आणि तोवर एखादा कलाकार सुरतेला कामाला गेलेला असतो. म्हणून सही शूटच्या आदल्या दिवशी घ्या.

आता सापळे. लहान मुलांना घेऊन व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. बैलजोडी, शेळी, घोडा यांच्याकडून कॅमेऱ्यापुढे काम करून घ्यायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. चांगदेवचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे वनखातं. रेल्वेच्या फलाटावर परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका. गाडी दाखवायचीच असेल तर रेल्वेच्या हद्दीबाहेरून, दुरून घ्या.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी कुठेही उडवता येतो असं नाही. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघितल्याशिवाय पंखे फिरवू नका. माझं मत विचाराल तर या गोष्टीत वरून घेतलेल्या शॉटचं काही काम नाही.

५. फोन लावून घ्या

नेहमीचं कॅमेरा ॲप सगळं स्वतः ठरवतं आणि शॉटच्या मध्येच बदलतं. पांढरा शर्ट घातलेला मुलगा चौकटीत आला की मागची भिंत काळवंडते. म्हणून मॅन्युअल ॲप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, ते फोनवर चालत नसेल तर ओपन कॅमेरा. मग असं लावा:

- फ्रेम रेट २५. शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट, एलईडी यांच्या पट्ट्या पडद्यावर सरकत नाहीत. १/६० ठेवलं तर सरकतात.
- व्हाइट बॅलन्स लॉक: उन्हात, सावलीत ५६०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बखाली ३२००.
- फोकस आणि एक्सपोजर लॉक.
- एचडीआर बंद. ब्यूटी मोड बंद. एचडीआर चालू राहिलं की साध्या टाइमलाइनवर चित्र एकतर फटफटीत नाहीतर करपलेलं दिसतं आणि कारण सापडत नाही.
- फक्त मुख्य लेन्स. अल्ट्रावाइडने चेहऱ्याची नाकं मोठी होतात. बोटांनी झूम करणं म्हणजे चित्र कापून ताणणं. क्लोजअप हवा तर फोन जवळ न्या.

उन्हात एक अडचण येते. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक वेळा कमी-जास्त होत नाही. एफ १.८ची लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५० आणि शटर १/५० धरलं तर कडक उन्हात चित्र साधारण सहा स्टॉपने जास्त उजळ होतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). म्हणजे एनडी ६४ लागतो. बाजारातले स्वस्त फिरवायचे एनडी बहुधा पाच स्टॉपपर्यंतच धड चालतात, त्यापुढे पडद्यावर काळी फुली उमटते. एनडी नसेल तर शटर १/३२०० च्याही पुढे जातं आणि चालणारा माणूस तुटक, झटक्याने चालतो. पर्याय सोपा आहे: सावलीत शूट करा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा फोन स्वतःच ब्राइटनेस उतरवतो, मग रेकॉर्डिंग बंद पाडतो. कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, कॅमेऱ्यावर छत्री धरा, दोन टेकच्या मध्ये फोन पंख्यापुढे ठेवा. चार्जिंगला लावून शूट केलं तर तो लवकर तापतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर लेन्सवर दंव धरतं.

६. आवाज

फोनचा स्वतःचा माइक कॅमेऱ्याजवळ असतो, बोलणारा माणूस आठ-दहा फुटांवर. मधल्या जागेतलं सगळं तो गोळा करतो: गिरणीची धडधड, पंपाचा गुणगुणाट, भुसावळकडे निघालेली मालगाडी, देवळावरचा भोंगा. माइक तोंडाजवळ नेणं हाच यावरचा इलाज आहे, सॉफ्टवेअरने नंतर साफ करणं नव्हे. साफ केलेला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

जागा निवडताना ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी तिथे जा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि हेडफोनने ऐका. नुसत्या कानाला पंखा जाणवत नाही. धाब्याचं घर मिळालं तर सोडू नका. मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन यात आवाज कमी घुमतो. स्लॅबचं घर, टाइल्सची खोली असेल तर चौकटीबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगा आणि खाली सतरंजी टाका. लग्नसराईची तिथ काढून बघा. डीजे गावात असेल त्या दिवशी संवादाचा प्रसंग ठेवण्यात अर्थ नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे घरी असतात म्हणून तो मुहूर्त धरायचा मोह होतो, पण त्या दिवशी गल्ली शांत मिळत नाही.

माइक लावण्याची पद्धत: कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. वायर आवाजाच्या दुसऱ्या फोनला जोडण्याआधी तिची पिन बघा. तीन काळ्या रेघांची पिन हेडसेटच्या खाचेत बसते, दोन रेघांची पिन बहुधा कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी असते. चुकीची लावली तर फोन गुपचूप स्वतःच्याच माइकवर जातो आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो. खात्री करायची रीत अशी: माइकवर नखाने हळूच टिचकी मारा, हेडफोनमध्ये ठण्ण ऐकू आली पाहिजे.

मायच्या अंगावर माइक लावताना पदर आणि मंगळसूत्र यांच्याशी गाठ असते. नायलॉनचा पदर माइकवर घासला की खरखर येते आणि मणी आपटले की टकटक. ब्लाउजच्या काठाला आतून मेडिकल टेपने चिकटवा, वायरची एक छोटी वेटोळी करून तीही टेपखाली घ्या म्हणजे ओढ बसणार नाही, आणि मंगळसूत्र त्या शॉटपुरतं एका बाजूला टेपने धरून ठेवा. हे काम टीममधल्या मुलीने करावं. भाकरी थापताना बांगड्या संवादावर येतात, म्हणून बोलणं थापण्याच्या मधल्या थांब्यावर बसवा. नानांच्या डोक्यावर टोपी असेल तर माइक टोपीच्या पुढच्या घडीत लपतो आणि छान चालतो, मान वळली तरी तोंडापासूनचं अंतर तेवढंच राहतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिव्याला लागला की तो भाग फाटला, परत येत नाही. ओरडायचं वाक्य असेल तर लेव्हल ओरडूनच तपासा. कलाकार तालमीत दबकून ओरडतो आणि टेकमध्ये खरंच.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला ‘सीन तीन, शॉट दोन, टेक एक’ म्हणा आणि पाटीसमोर टाळी वाजवा. टाळीचे हात चित्रात दिसले पाहिजेत. नंतर आवाजाच्या आलेखातलं टाळीचं टोक आणि हात भेटल्याची फ्रेम जुळवली की झालं.

प्रसंग संपला की दोन कामं जागेवरच करा. सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. संवादांच्या फटी भरायला ती लागते, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो. आणि ज्या वाक्यावर ट्रॅक्टर गेला असेल ते वाक्य कॅमेऱ्याशिवाय, त्याच माणसाकडून, त्याच जागी, त्याच सुरात दोन-तीनदा बोलून घ्या. नंतर खोलीत डबिंग करण्यापेक्षा हे कितीतरी बरं जुळतं.

हेडफोन लावून ऐकणारा एक माणूस स्वतंत्र ठेवा. त्याने ‘परत’ म्हटलं तर परत. दिग्दर्शकाने त्याच्याशी वाद घालायचा नाही.

७. उजेड

जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या उजेडात कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. उन्हाळ्यात बाहेरचे शॉट सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी साडेचारनंतर घ्या. मधल्या वेळात घरातले प्रसंग, इन्सर्ट, जेवण.

घरात दार आणि खिडकी हाच दिवा. कलाकाराला दारापासून तीन-चार फुटांवर, थोडं तिरकं बसवा, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी मंद. दुसरी फार काळी गेली तर त्या बाजूला पांढरा सनबोर्ड धरा. वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून, मागची बाजू पांढरी असेल तर, तेच काम होतं. ट्यूबलाइट बंद. दाराचा उजेड आणि ट्यूब यांचे रंग वेगळे असतात आणि एकाच चेहऱ्यावर दोन रंग नंतर दुरुस्त होत नाहीत.

दारातून थेट ऊन येत असेल तर चौकटीबाहेर पांढरी चादर दोरीवर चिमट्यांनी ताणा. ऊन तिच्यातून गाळून मऊ होऊन आत येतं. यामागे मोठी परंपरा आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं, दिवे त्यावर मारले आणि खाली परतणाऱ्या सावलीविरहित उजेडात शूट केलं. साध्या घरातल्या साध्या वस्तूंवर उजेड कसा वळवायचा हे बघायचं तर चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी केलेल्या छायाचित्रांसमोर अर्धा तास थांबा आणि प्रत्येकात दिवा कुठून येतोय ते शोधा.

केळीच्या बागेत शूट करणाऱ्यांनी सावध राहावं. पानांतून येणारा उजेड हिरवा असतो आणि चेहरे आजारी दिसतात. शिवाय ऊन-सावलीचे ठिपके माणूस हलला की चेहऱ्यावरून पळतात. बागेच्या कडेला, बांधावर माणूस उभा करा, मागे बाग राहू द्या, आणि चेहऱ्याच्या बाजूला पांढरं कापड धरा.

रात्रीचा प्रसंग पूर्ण अंधारात घेऊ नका, फोन दाणेदार चित्र देतो. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं असतं. त्या वेळेत दारातला पिवळा बल्ब लावून शॉट घ्या. वेळ थोडा, म्हणून तालीम आधीच झालेली हवी. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर स्वस्त एलईडी लुकलुकतात. फोनच्या पडद्यावर लक्ष ठेवा आणि चार्ज होणारा दिवा जवळ असू द्या.

८. गावातल्या माणसांकडून काम करून घेणं

इटालियन दिग्दर्शक दे सिका यांनी १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये सायकल चोरीला गेलेल्या बापाच्या मुख्य भूमिकेसाठी एका कारखान्यातल्या कामगाराला घेतलं होतं. नवखा माणूस वाईट नट असतो असं नाही, त्याला पाठांतराचं ओझं झेपत नाही एवढंच. नानांची भूमिका करणाऱ्या आप्पांना संवादाचा कागद देऊ नका. ‘आप्पा, पोरगा पैशांचं विचारतोय, तुम्हाला सांगायचं नाही,’ एवढं सांगा आणि हाताला काम द्या: शेंगा फोडणं, दोर वळणं. हात गुंतले की आवाज आपोआप खरा होतो.

तालीम म्हणून सांगा आणि रेकॉर्ड करा, पण हे चालतं याची परवानगी आधीच घेऊन ठेवा. चौथ्या टेकनंतर नवखा माणूस आधीच्या टेकची नक्कल करू लागतो. तिथे थांबा, चहा पाजा, शॉट बदला. वडीलधाऱ्याला सगळ्यांसमोर चूक दाखवू नका, जवळ जाऊन कानात सांगा.

बघ्यांची गर्दी होणारच. पोरांना हाकलण्याऐवजी त्यातल्या दोघा थोराड पोरांना ‘शांतता ठेवायची जबाबदारी तुमची’ असं सोपवा. गर्दी नेहमी कॅमेऱ्याच्या मागे, कलाकाराच्या नजरेच्या रेषेत येणार नाही अशी बसवा.

९. रोज संध्याकाळी

फोरके, २५ फ्रेमला बऱ्याच फोनवर मिनिटाला ३५०-४०० एमबी जातात, म्हणजे तासाला वीसेक जीबी. दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी करा. दोन्ही कॉपी उघडून, मध्यभागी आणि शेवटी चालवून बघा. त्यानंतरच फोन रिकामा करा. व्हॉट्सॲपवरून क्लिप पाठवू नका, ते चित्र दाबून टाकतं.

प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी कपडे, चहाची पातळी, नानांच्या बाह्या, डबा कुठे होता याचे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी डबा उजवीकडून डावीकडे गेलेला असतो आणि कोणीही शपथेवर सांगतं की तो तिथेच होता.

१०. संकलन

लॅपटॉपवर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. जड चालत असेल तर प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) बनवा. आवाज सुरुवातीला जुळतो आणि दोन मिनिटांनी ओठांच्या मागे पडतो, असं दिसलं तर फोनने फ्रेम रेट कमी-जास्त करत रेकॉर्ड केलंय. संकलनाआधी क्लिप हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटने काढून घ्या.

पहिल्या फेरीत नुसता प्रसंग लावा, संगीत नाही. दुसऱ्या फेरीत कट कुठे पडतोय ते बघा. हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च कटचे सहा निकष सांगतात आणि त्यात भावनेला ५१ टक्के वजन देतात, जागेतल्या सातत्याला (कोण, काय कुठे आहे) सगळ्यात कमी. म्हणजे चहाची पातळी जुळत नाही पण नानांचा चेहरा खरा आहे, तर चेहरा ठेवा.

नेहमी बोलणाऱ्यावरच राहू नका. मुलगा बोलत असताना नाना ऐकताहेत, डब्याचं झाकण वाजतं, त्यांची बोटं थांबतात: ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडते. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू करा आणि चित्र मागून आणा. डब्याच्या बाबतीत तर ते करायलाच हवं.

रंगात जास्त खेळू नका. त्वचेचा रंग सगळ्या शॉटमध्ये जुळवा. बागेतल्या शॉटमधला हिरवा टिंट किंचित मॅजेंटाकडे ढकला.

११. संगीत आणि सबटायटल

यूट्यूबवरचं अहिराणी गाणं ‘आपलंच आहे’ म्हणून लावता येत नाही. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो. बहिणाबाईंच्या १९५२ मध्ये छापून आलेल्या रचनांवरचा हक्क २०१३ पासून संपला आहे, त्या शब्दांना तुम्ही स्वतः चाल लावून गावातल्या बाईकडून गाऊन घेऊ शकता. पण कोणी नंतर लावलेली चाल आणि कोणी गायलेली रेकॉर्ड, त्यांचे हक्क वेगळे. जात्यावरची ओवी, झोक्यावरचं गाणं स्वतः रेकॉर्ड केलं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. गाणाऱ्या बाईचं संमतिपत्र घ्या आणि नाव द्या.

सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको, एक सबटायटल किमान सेकंदभर आणि फार तर सहा-सात सेकंद. फॉन्ट युनिकोडच असू द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा कचरा होतं. काही संकलन सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं मोडतात. ‘ऱ्हायना’, ‘स्त्री’ आणि ‘कीर्ती’ हे तीन शब्द आधी टाकून बघा. तीनही नीट उमटले तर पुढे जा.

१२. एक्स्पोर्ट आणि पुढे

एच.२६४, २५ फ्रेम, शूट केलेलंच रेझोल्यूशन. आवाजाची एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) जवळ ठेवा, शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. यूट्यूब याहून मोठा आवाज उतरवतं, लहान असेल तर वाढवत नाही. फिल्म लॅपटॉपवर, मग साध्या फोनच्या स्पीकरवर, मग टीव्हीवर ऐका. तुमचे निम्म्याहून जास्त प्रेक्षक फोनवरच बघणार आहेत.

यूट्यूबला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. तिकीट लावून किंवा न लावता चित्रपटगृहात जाहीर दाखवायची असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली ते लागतं.

महोत्सवांना पाठवायचं असेल तर आधी प्रवेशाचे नियम वाचा आणि मगच यूट्यूबवर टाका. काही महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. तोवर खाजगी लिंक वापरा. मास्टर फाइल, सबटायटलशिवायची एक प्रत, संगीत वेगळं आणि संवाद वेगळे असे दोन आवाजाचे ट्रॅक, आणि पूर्ण प्रोजेक्ट दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. कोणी हिंदीत डब करायला मागितली तर हेच दोन ट्रॅक आधी विचारतात.